प्रज्ञेची चाळणी : नवोदय विद्यालय निवड चाचणीची चिकित्सा

सारांश

ग्रामीण भागातील प्रज्ञावान मुलांना कौटुंबिक ऐपतीचा विचार न करता दर्जेदार शिक्षण मिळावे, या हेतूने १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातून जवाहर नवोदय विद्यालयांची योजना आकाराला आली. या विद्यालयांत सहावीच्या वर्गासाठी होणारी निवड चाचणी ही देशातील बालवयीन प्रज्ञाशोधाची सर्वांत मोठी व्यवस्था म्हणता येईल. प्रस्तुत निबंधात या निवड पद्धतीची बलस्थाने मान्य करून तिच्या मुळाशी असलेल्या तीन गृहीतकांची चिकित्सा केली आहे : अशाब्दिक चाचणी शालेय संधीपासून स्वतंत्र असते, एका दिवसाच्या गुणांवरून उभी केलेली सीमारेषा विश्वसनीय असते, आणि चाचणीस बसणारा समूह हा जिल्ह्यातील बालकांचा खरा प्रतिनिधी असतो. ही तिन्ही गृहीतके अंशतःच टिकतात, असे दाखवून निवडीच्या पर्यायी दिशांचा विचार केला आहे.

बीजसंज्ञा : प्रज्ञाशोध, नवोदय विद्यालय, बुद्धिमापन, समान संधी, स्थानिक मानके, स्थलांतरित बालके.

१. प्रस्तावना

प्रज्ञावान मुलांसाठी वेगळी शैक्षणिक व्यवस्था असावी की नसावी, हा वाद भारतीय शिक्षणविचारात जुना आहे. कोठारी आयोगाने (१९६४-६६) समान शाळा पद्धतीचा पुरस्कार केला. त्यानंतर दोन दशकांनी आलेल्या १९८६ च्या धोरणाने मात्र विशेष बुद्धिमत्ता असलेल्या मुलांना अधिक वेगाने पुढे जाण्याची संधी मिळावी आणि त्यासाठी गतिदर्शक शाळा उभ्या राहाव्यात, अशी भूमिका घेतली. या दोन भूमिकांमधील ताण अद्याप मिटलेला नाही. १९९० साली आचार्य राममूर्ती समितीने नवोदय योजनेकडे समतेच्या भूमिकेतून चिकित्सक दृष्टीने पाहिले. १९९२ च्या सुधारित धोरणाने योजना पुढे चालू ठेवली. २०२० च्या धोरणानेही विशेष प्रतिभा असलेल्या विद्यार्थ्यांच्या पाठबळाचा स्वतंत्रपणे उल्लेख केला आहे.

मात्र हा वाद बहुधा 'अशा शाळा हव्यात का' या प्रश्नाभोवती फिरत राहिला. त्यांत शिरण्याचा दरवाजा कसा आहे, तो कोणासाठी उघडतो आणि कोणासाठी उघडत नाही, याची चर्चा तुलनेने कमी झाली. वस्तुतः निवडीची पद्धत हीच अशा योजनेची खरी व्याख्या असते. धोरणाच्या मसुद्यात 'प्रज्ञावान' या शब्दाचा अर्थ काहीही असो, व्यवहारात जो चाचणीत वरच्या क्रमांकावर येतो तोच प्रज्ञावान ठरतो. म्हणून चाचणीची चिकित्सा ही केवळ तांत्रिक बाब न राहता शिक्षणाच्या हेतूची चिकित्सा ठरते.

महाराष्ट्राच्या दृष्टीने या विषयाला विशेष संदर्भ आहे. १९८५-८६ मध्ये प्रायोगिक तत्त्वावर जी पहिली दोन विद्यालये सुरू झाली, त्यांपैकी एक हरियाणातील झज्जर येथे, तर दुसरे विदर्भात अमरावती येथे होते. आज तमिळनाडूचा अपवाद वगळता देशभर साडेसहाशेहून अधिक नवोदय विद्यालये आहेत.

२. निवड पद्धतीचे स्वरूप

प्रत्येक विद्यालयात सहावीच्या वर्गासाठी जास्तीत जास्त ८० जागा असतात. पाचवीत शिकणाऱ्या आणि त्याच जिल्ह्यातील शाळेत असलेल्या मुलांना चाचणीस बसता येते. किमान ७५ टक्के जागा ग्रामीण भागासाठी राखीव असून, तिसरी, चौथी व पाचवी ही तिन्ही वर्षे ग्रामीण शाळेत काढलेले मूलच या जागांसाठी पात्र ठरते. किमान एकतृतीयांश जागा मुलींसाठी असतात. अनुसूचित जाती व जमातींचे आरक्षण जिल्ह्यातील लोकसंख्येच्या प्रमाणात, परंतु राष्ट्रीय प्रमाणाहून कमी नसेल अशा रीतीने दिले जाते.

सध्याच्या रचनेनुसार चाचणी दोन तासांची, ८० प्रश्नांची आणि १०० गुणांची आहे. त्यांपैकी ४० प्रश्न व ५० गुण मानसिक क्षमतेसाठी, २० प्रश्न व २५ गुण अंकगणितासाठी आणि तितकेच प्रश्न व गुण भाषेसाठी असतात. सर्व प्रश्न बहुपर्यायी असून चुकीच्या उत्तरासाठी गुण वजा होत नाहीत. मानसिक क्षमतेचा विभाग पूर्णतः आकृत्यांवर आधारलेला आहे : गटात न बसणारी आकृती, समान आकृती, मालिका पूर्ण करणे, समसंबंध, आरशातील प्रतिमा, घडी घालून छिद्रे पाडलेला कागद, लपलेली आकृती इत्यादी. मुलाला एकदाच या चाचणीस बसता येते. पुढे नववीत रिक्त जागांसाठी वेगळी चाचणी होते, परंतु मुख्य प्रवेशद्वार सहावीचेच आहे.

अर्ज करणाऱ्यांची संख्या अलीकडच्या वर्षांत देशभर वीस लाखांच्या वर गेली असून जागा सुमारे पन्नास हजार आहेत. म्हणजे चाळीस मुलांमागे एकाची निवड होते. निवडलेल्या मुलाला निवास, भोजन, गणवेश आणि पुस्तके यांसह सात वर्षांचे शिक्षण मिळते. ज्या घरात दरमहा रोख उत्पन्नाची शाश्वती नाही, त्या घरासाठी या निकालाचे मोल किती असते हे वेगळे सांगण्याची गरज नाही.

३. पद्धतीची बलस्थाने

चिकित्सेपूर्वी या पद्धतीचे गुण नोंदविणे न्याय्य ठरेल. जगातील अनेक देशांत प्रज्ञावान मुलांच्या निवडीची सुरुवात शिक्षकांच्या वा पालकांच्या शिफारशीने होते. अशा शिफारशीत बोलके, नीटनेटके, शिक्षकांच्याच सामाजिक स्तरातील मूल पुढे येते आणि अबोल, अस्वस्थ किंवा वेगळ्या बोलीचे मूल मागे राहते. नवोदय पद्धतीत शिक्षकाच्या मताला गुण नाहीत, मुलाखत नाही, पालकांच्या शिक्षणाची वा भाषेची परीक्षा नाही. चाचणी प्रादेशिक भाषांतून देता येते. मराठी माध्यमाच्या मुलाला इंग्रजी येत नाही म्हणून दार बंद होत नाही. ग्रामीण मुलांची स्पर्धा मुख्यतः ग्रामीण मुलांशीच होते.

अशाब्दिक प्रश्नांना अर्धे गुण देण्यामागेही विचार आहे. ज्या शाळेत एकच शिक्षक दोन-तीन वर्ग सांभाळतो, तेथील मुलाचे शालेय ज्ञान कमी भरणे स्वाभाविक आहे. परंतु त्याची तर्कशक्ती कमी असेल असे मानण्याचे कारण नाही. आकृत्यांच्या प्रश्नांमुळे ही तर्कशक्ती शाळेच्या दर्जापासून अलग करून पाहता येईल, अशी यामागील अपेक्षा आहे. ही अपेक्षा कितपत पूर्ण होते, हा पहिला प्रश्न होय.

४. 'शाळानिरपेक्ष' चाचणीचे गृहीतक

बुद्धिमापनाच्या इतिहासाकडे पाहिले असता एक विपर्यास लक्षात येतो. आल्फ्रेड बिने यांनी थिओडोर सिमाँ यांच्यासह १९०५ मध्ये पॅरिस येथे पहिली बुद्धिमापन श्रेणी सिद्ध केली, ती ज्या मुलांना शाळेत अधिक साहाय्याची गरज आहे त्यांना ओळखण्यासाठी. बुद्धी ही स्थिर व अपरिवर्तनीय राशी आहे, हे मत बिने यांना मान्य नव्हते. पुढे अमेरिकेत लुईस टर्मन यांनी १९१६ मध्ये या श्रेणीची स्टॅनफर्ड आवृत्ती केली आणि १९२१ पासून तिचा वापर असामान्य मुले शोधण्यासाठी सुरू केला. मदतीसाठी घडविलेले साधन अशा रीतीने निवडीचे साधन झाले. आपल्याकडेही डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी मराठी व कन्नड भाषक मुलांसाठी बिने श्रेणीचे रूपांतर केले. परक्या समाजात बेतलेली चाचणी येथील मुलांना जशीच्या तशी लावता येत नाही, ही जाणीव त्या कार्यामागे होती.

भाषेचा अडसर टाळण्यासाठी पुढे अशाब्दिक चाचण्यांचा प्रसार झाला आणि त्या संस्कृतिनिरपेक्ष आहेत असा समज रूढ झाला. या समजाला सर्वांत मोठा धक्का जेम्स फ्लिन यांच्या संशोधनाने दिला. १९८७ मध्ये त्यांनी चौदा देशांतील माहितीच्या आधारे दाखविले की, बुद्धिमापन चाचण्यांतील गुण पिढीगणिक वाढत गेले आहेत, आणि ही वाढ शब्दसंग्रहासारख्या शालेय स्वरूपाच्या चाचण्यांपेक्षा आकृत्यांच्या चाचण्यांतच अधिक आहे. एका पिढीत माणसाची आनुवंशिक घडण बदलत नाही. बदलते ते त्याचे शिक्षण, पोषण, घरातील वस्तू आणि अमूर्त आकृत्यांशी असलेला परिचय. म्हणजे जी चाचणी परिस्थितीपासून सर्वांत मुक्त मानली गेली, तिच्यावरच परिस्थितीचा परिणाम सर्वाधिक दिसून आला.

महाराष्ट्रातील वाचकाला हे समजण्यासाठी परदेशी संशोधनाची गरज भासू नये. राज्यात महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेमार्फत घेतल्या जाणाऱ्या शिष्यवृत्ती परीक्षेत 'बुद्धिमत्ता चाचणी' हा विषय आहे. पूर्वी चौथी व सातवीत आणि २०१६-१७ पासून पाचवी व आठवीत झालेल्या या परीक्षेच्या निमित्ताने विसंगत पद, सांकेतिक भाषा, आरशातील प्रतिमा आणि पाण्यातील प्रतिबिंब हे घटक मराठी शाळांत इतर विषयांप्रमाणे शिकविले जातात. त्यांचे मार्गदर्शक, सराव प्रश्नसंच आणि जादा तास आहेत. बुद्धिमत्ता हा एक 'विषय' होऊ शकतो, त्यात गृहपाठ देता येतो आणि त्यात मुलाची प्रगती होते, हे या व्यवहाराने नकळत सिद्ध केले आहे. नवोदय चाचणीच्या तयारीसाठीही पुस्तके व वर्ग आहेत.

येथे एक आक्षेप संभवतो. सरावाने गुण वाढतात म्हणून सराव करणारे मूल अपात्र ठरत नाही. परिश्रम हाही गुणच आहे. हा आक्षेप योग्य आहे, परंतु तो मूळ दाव्याला छेद देतो. चाचणी परिश्रम आणि तयारी मोजत असेल, तर तिने तयारीची संधी सर्वांना समान आहे की नाही हे पाहिले पाहिजे. ती केवळ उपजत क्षमता मोजते असे म्हणत राहिल्यास संधीतील विषमता 'प्रज्ञा' या नावाखाली झाकली जाते. तालुक्याच्या गावालगतच्या, नोंदीत ग्रामीण असलेल्या वस्तीत राहणारे, शिक्षक आईवडिलांचे मूल आणि डोंगरातील पाड्यावरचे पहिल्या पिढीतील शिकणारे मूल ही दोन्ही नियमाच्या दृष्टीने 'ग्रामीण'च आहेत. 'ग्रामीण' हा भूगोलाचा निकष आहे; वंचिततेचा नव्हे.

५. सीमारेषेची विश्वसनीयता

दुसरे गृहीतक मापनाच्या अचूकतेविषयी आहे. कोणतीही शैक्षणिक चाचणी पूर्णतः अचूक नसते. समजा एखाद्या चाचणीचा विश्वसनीयता गुणांक ०.९० इतका उत्तम असून प्रमाण विचलन १५ आहे. तरीही त्या चाचणीची मापनातील प्रमाण त्रुटी सुमारे ४.७ गुणांची येते. म्हणजे एखाद्या मुलाची खरी पातळी १३० असेल, तर त्याचा एका दिवसाचा गुणांक १२५ ते १३५ यांच्या दरम्यान येण्याची शक्यता सुमारे ६८ टक्के असते. तीनांतील एक वेळ तो या पट्ट्याच्याही बाहेर जातो. सीमारेषा १३० वर आखली, तर त्या मुलाच्या निवडीचा निर्णय जवळजवळ नाणेफेकीसारखा होतो.

नवोदय चाचणीच्या रचनेत ही अडचण अधिक ठळक होते. १०० गुण ८० प्रश्नांत विभागले असल्याने प्रत्येक प्रश्नाला सव्वा गुण मिळतो. एखाद्या मुलाने उत्तर न येणाऱ्या वीस प्रश्नांत केवळ अंदाजाने पर्याय निवडले, तर चारांत एक या न्यायाने त्याची सरासरी पाच उत्तरे बरोबर येतील. परंतु नशिबाच्या हेलकाव्याने तीनही येऊ शकतात आणि सातही. हा फरक पाच गुणांचा आहे. हजारो मुलांच्या यादीत सीमारेषेजवळ एका प्रश्नाच्या अंतरात अनेक मुले दाटीने उभी असतात. त्यांच्यापैकी कोण आत आणि कोण बाहेर, हे प्रज्ञेने न ठरता बऱ्याच अंशी योगायोगाने ठरते. गुण वजा होत नाहीत, म्हणून एकही प्रश्न रिकामा सोडू नये, ही युक्ती ज्या मुलाला कोणी सांगितली नाही, तो तर या योगायोगातही मागे राहतो.

टर्मन यांच्या प्रसिद्ध अभ्यासाचा दाखला येथे बोधप्रद आहे. त्यांनी निवडलेली सुमारे दीड हजार मुले पुढे बहुतांशी यशस्वी झाली. परंतु त्यांपैकी एकालाही नोबेल पारितोषिक मिळाले नाही. उलट, त्याच शोधात तपासली गेलेली आणि गुणांक पुरेसा न भरल्याने वगळली गेलेली दोन मुले, विल्यम शॉक्ली आणि लुईस अल्वारेझ, अनुक्रमे १९५६ व १९६८ मध्ये भौतिकशास्त्राच्या नोबेलचे मानकरी ठरली. चाचण्या निरुपयोगी आहेत, असा याचा अर्थ नाही. बालवयातील एका आकड्यावर अंतिम निर्णय सोपविणे किती धोक्याचे असते, एवढाच बोध यातून घ्यावयाचा आहे.

त्यात नवोदयचा एकदाच संधी देणारा नियम विचारात घेतला पाहिजे. एकच मूल वारंवार बसून इतरांची संधी हिरावून घेऊ नये आणि तयारीचा बाजार वाढू नये, हा त्यामागील हेतू समजण्यासारखा आहे. पण चाचणी जितकी त्रुटिशील, तितकी दुसरी संधी आवश्यक, हे मापनशास्त्राचे साधे तत्त्व आहे. चाचणीच्या दिवशी ताप आलेले, परीक्षा केंद्रावर उशिरा पोहोचलेले किंवा आयुष्यात प्रथमच उत्तरपत्रिकेतील वर्तुळे पाहणारे दहा वर्षांचे मूल कायमचे 'न निवडलेले' ठरते.

६. चाळणीपूर्वीची चाळणी

तिसरे गृहीतक सर्वांत कमी चर्चिले गेलेले आहे. निवड चाचणी जे अर्ज करतात त्यांच्यातून निवडते. जे अर्ज करीत नाहीत त्यांच्याविषयी ती मौन असते. अर्ज करण्यासाठी योजनेची माहिती, मुख्याध्यापकांचे प्रमाणपत्र, कागदपत्रे आणि आता ऑनलाइन अर्जाची सोय लागते. एखाद्या शाळेतून दरवर्षी मुले बसतात, तर शेजारच्या शाळेतून एकही बसत नाही. हा फरक मुलांच्या बुद्धीचा नसून बहुधा शिक्षकाच्या आस्थेचा असतो. उत्साही शिक्षक लाभणे हे भाग्य आहे. पण प्रज्ञाशोध भाग्यावर सोडता येत नाही.

या संदर्भात अर्थशास्त्रज्ञ डेव्हिड कार्ड आणि लॉरा जूलियानो यांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास महत्त्वाचा आहे. फ्लोरिडातील एका मोठ्या शाळा-जिल्ह्यात प्रज्ञावान वर्गासाठी मुलांची नावे पूर्वी पालक व शिक्षक सुचवीत. २००५ च्या सुमारास तेथे दुसरीतील सर्व मुलांची प्राथमिक अशाब्दिक चाचणी घेण्यास सुरुवात झाली. पात्रतेचे निकष बदलले नाहीत; फक्त सर्वांना तपासले गेले. परिणामी गरीब, कृष्णवर्णीय व हिस्पॅनिक मुलांचे त्या वर्गातील प्रमाण लक्षणीयरीत्या वाढले. ही मुले पूर्वीही पात्र होती. त्यांच्याकडे कोणी पाहिले नव्हते. पुढे खर्चकपातीमुळे ही सार्वत्रिक तपासणी थांबली आणि जुनी विषमता परतली.

महाराष्ट्रात या प्रश्नाचे सर्वांत तीव्र रूप ऊसतोड मजुरांच्या मुलांच्या बाबतीत दिसते. बीड, अहिल्यानगर आणि मराठवाड्यातील इतर दुष्काळी तालुक्यांतून लाखो मजूर दिवाळीच्या आसपास पश्चिम महाराष्ट्र व कर्नाटकातील कारखान्यांकडे जातात आणि गळीत हंगाम संपल्यावर मार्च-एप्रिलमध्ये परततात. नवोदयची मुख्य चाचणी बहुतेक राज्यांत डिसेंबर-जानेवारीच्या सुमारास होते. ज्या मुलांसाठी निवासी शाळा ही चैन नसून निकड आहे, ती मुले नेमकी त्याच काळात उसाच्या फडात असतात. हंगामी वसतिगृहांमुळे काही मुले गावी राहतात, पण सर्व नव्हे. तिसरी ते पाचवी प्रत्येक इयत्तेचे पूर्ण शैक्षणिक वर्ष शाळेत काढलेले असावे आणि पाचवी त्याच जिल्ह्यात असावी, या अटीही स्थिर कुटुंब गृहीत धरतात. शिवाय या तीन वर्षांत शहरातील शाळेत एक दिवस जरी शिकले, तरी ते मूल शहरी गणले जाते. पुणे किंवा मुंबईच्या बांधकामावर आईवडिलांबरोबर जाऊन तेथील महापालिकेच्या शाळेत काही महिने बसलेले मूल अशा रीतीने ग्रामीण जागेचा हक्क गमावते. शहरी पालकांनी सवलतीचा गैरफायदा घेऊ नये म्हणून केलेला हा नियम सर्वांत गरीब ग्रामीण मुलावरच उलटतो.

म्हणून गुणवत्ता यादी कितीही प्रामाणिकपणे तयार केली, तरी ती जिल्ह्यातील सर्वांत प्रज्ञावान मुलांची यादी नसते. जी मुले त्या दिवशी, त्या केंद्रावर, योग्य कागदांसह पोहोचू शकली, त्यांच्यातील अग्रगण्य मुलांची ती यादी असते.

७. निवड कशासाठी?

निवडीच्या पद्धतीचा प्रश्न शेवटी निवडीच्या हेतूपाशी येतो. दोन हेतू संभवतात. पहिला, जे आधीच पुढे आहेत त्यांना बक्षीस देणे. दुसरा, विशेष शिक्षणाचा ज्यांना सर्वाधिक लाभ होईल त्यांना ते देणे. हे दोन्ही समूह एकच असतात असे सहज मानले जाते. प्रत्यक्षात तसे असेलच असे नाही. अब्दुलकादिरोग्लू, अँग्रिस्ट व पाठक यांनी २०१४ मध्ये बॉस्टन व न्यूयॉर्क येथील प्रवेशपरीक्षेच्या नामांकित शाळांचा अभ्यास केला. सीमारेषेच्या किंचित वर आणि किंचित खाली असलेल्या मुलांची तुलना करता, या शाळांत प्रवेश मिळाल्याने पुढील परीक्षांतील यशात फारसा फरक पडत नाही, असे त्यांना आढळले. याउलट कार्ड व जूलियानो यांच्या आणखी एका अभ्यासात, बुद्ध्यंकाची अट न पुरविणाऱ्या पण शालेय कामगिरी चांगली असणाऱ्या मुलांना वेगळ्या वर्गात बसविले असता अल्पसंख्याक समाजांतील मुलांची मोठी प्रगती झाल्याचे दिसले.

हे निष्कर्ष नवोदयला जसेच्या तसे लागू करता येणार नाहीत. बॉस्टनमधील दोन शाळांत जेवढे अंतर आहे, त्यापेक्षा वाडीवरची शाळा आणि नवोदय विद्यालय यांतील अंतर किती तरी मोठे आहे. परंतु यातून निघणारा प्रश्न लागू पडतो. प्रवेश न मिळाल्यास ज्याला खासगी शाळेचा पर्याय आहे आणि ज्याला कोणताच पर्याय नाही, अशा दोन मुलांना समान गुण मिळाले, तर सार्वजनिक पैशातून चालणाऱ्या निवासी शाळेने कोणाला निवडावे? सध्याची पद्धत हा प्रश्न विचारतच नाही.

मागे राहणाऱ्या शाळेचाही विचार आवश्यक आहे. मूळ संकल्पनेत नवोदय ही गतिदर्शक शाळा होती. परिसरातील शाळांना तिने दिशा द्यावी अशी अपेक्षा होती. व्यवहारात परिसरातील शाळेचा तिच्याशी येणारा संबंध मुख्यतः एक चुणचुणीत मूल कमी होण्यापुरता उरतो. शिवाय २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १३ ने प्रवेशासाठी बालकाची चाळणी करण्यास मनाई केली, आणि त्याच कायद्याने नवोदयला 'विनिर्दिष्ट प्रवर्गा'तील शाळा म्हणून ओळखले. सर्व मुलांना चाळणीविना शाळा, आणि काहींना चाळणीनंतर उत्तम शाळा, ही दोन तत्त्वे आज शेजारी शेजारी नांदत आहेत. कायदेशीर वर्गीकरणाने हा विरोध हाताळता येतो. नैतिकदृष्ट्या तो मिटत नाही.

८. पर्यायांची दिशा

वरील विवेचनावरून चाचणी रद्द करावी असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. चाचणी गेल्यास शिफारस, ओळख आणि मुलाखत यांना वाव मिळेल, आणि त्याचा फटका याच मुलांना अधिक बसेल. सुधारणेच्या पुढील दिशा विचारात घेण्याजोग्या आहेत.

पहिली, सार्वत्रिक प्राथमिक तपासणी. शासकीय व स्थानिक स्वराज्य संस्थांच्या शाळांत चौथीतील प्रत्येक मुलाची, अर्जाची वाट न पाहता, त्याच्याच वर्गात एक छोटी चाचणी घ्यावी आणि तीत चमकणाऱ्या मुलांचे अर्ज शाळेनेच भरावेत.

दुसरी, स्थानिक मानके. मुलाची तुलना त्याच्यासारख्याच परिस्थितीतील मुलांशी व्हावी. अमेरिकेतील टेक्सास राज्याने १९९७ मध्ये प्रत्येक माध्यमिक शाळेतील वरच्या दहा टक्के विद्यार्थ्यांना राज्य विद्यापीठांत प्रवेशाची हमी देणारा कायदा केला, तो याच तत्त्वावर. आपल्याकडे केंद्रप्रमुखांच्या अखत्यारीतील शाळांचा समूह हे असे एकक होऊ शकते. काही जागा प्रत्येक केंद्रातील अग्रगण्य मुलांमधून भरल्यास दुर्गम केंद्रांनाही वाटा मिळेल.

तिसरी, दुसरी संधी आणि सीमारेषेचा पट्टा. मापनातील त्रुटीच्या पट्ट्यात येणाऱ्या मुलांसाठी काही आठवड्यांनी पुनर्चाचणी घ्यावी, किंवा त्यांच्यातील निवड कौटुंबिक वंचिततेच्या निकषावर करावी. जेथे चाचणी दोन मुलांत भेद करण्यास असमर्थ आहे, तेथे भेद केल्याचा देखावा करण्यापेक्षा हे अधिक प्रामाणिक ठरेल.

चौथी, प्रज्ञेची व्यापक संकल्पना. पुण्यात १९६२ मध्ये डॉ. वि. वि. उर्फ अप्पा पेंडसे यांनी स्थापन केलेल्या ज्ञान प्रबोधिनीने गिलफर्ड यांच्या बुद्धिरचनेच्या प्रतिमानावर आधारित, विविध क्षमता तपासणाऱ्या चाचण्यांचा अवलंब केला. जोसेफ रेन्झुली यांनी १९७८ मध्ये सरासरीहून अधिक क्षमता, सर्जनशीलता आणि कार्यनिष्ठा या तिन्हींच्या संयोगात प्रज्ञा पाहिली. लाखो मुलांसाठी अशी सखोल तपासणी अवघड आहे, हे खरे. परंतु प्राथमिक चाळणीनंतर उरलेल्या मर्यादित मुलांसाठी ती अशक्य नाही.

पाचवी, स्थलांतरित बालकांसाठी नियमांत शिथिलता. गावी परतल्यानंतर एप्रिलमध्ये पुरवणी चाचणी आणि स्थलांतराच्या काळातील शहरी शाळेच्या हजेरीकडे दुर्लक्ष, एवढ्या दोन तरतुदींनीही मोठा अन्याय दूर होऊ शकेल.

९. निष्कर्ष

नवोदय विद्यालयांची निवड पद्धती हेतूने उदार आणि रचनेने अन्य अनेक पद्धतींपेक्षा अधिक न्याय्य आहे. तथापि तिचे तीनही आधार अपुरे आहेत. आकृत्यांचे प्रश्न शालेय संधीपासून स्वतंत्र नसतात, सीमारेषा मापनाच्या क्षमतेपेक्षा अधिक बारीक आखली जाते आणि चाचणीपूर्वीच अनेक मुले गळून पडतात. या मर्यादा मान्य केल्यास चाचणीचे महत्त्व कमी होत नाही; तिच्यावर टाकलेला अवाजवी भार मात्र कमी होतो. चाळीसांतील एका मुलाला 'प्रज्ञावान' ठरविताना उरलेल्या एकोणचाळीस मुलांविषयी चाचणीने काहीही सिद्ध केलेले नसते. ती मुले ज्या शाळांत परत जातात, त्या शाळांचा दर्जा हाच प्रज्ञाशोधाच्या कोणत्याही योजनेचा अंतिम निकष राहील. चाळणीची जाळी सुधारणे आवश्यक आहेच. पण ज्या देशात चांगली शाळा मिळण्यासाठी दहाव्या वर्षी प्रज्ञावान असल्याचे सिद्ध करावे लागते, तेथे चाळणी इतकी निर्णायक का झाली, हा प्रश्न शिक्षणव्यवस्थेने स्वतःला विचारणे त्याहून अधिक आवश्यक आहे.